सांगाड्यांच्या फौजेपायी 31,350 रुपये गेले

आधी आकडे. सौदा 41,600 रुपयांचा ठरला होता. त्यातले 16,500 आगाऊ, मग 9,000 'रंग आणि सामानासाठी', मग 5,850 'कस्टम्ससाठी'. एकूण 31,350, सगळे यूपीआयवरून. बदल्यात माझ्याकडे आज चौदा सांगाडे आहेत आणि त्यातल्या तिघांच्या हातात भालासुद्धा नाही.

वॉरहॅमर, म्हणजे टेबलावर छोट्या पुतळ्यांच्या फौजा मांडून खेळायचा युद्धखेळ, खेळणाऱ्यांना टूम्ब किंग्ज म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की ही इजिप्तच्या थाटाची, मेलेल्या राजांची आणि सांगाड्यांची फौज. 2015 मध्ये वॉरहॅमरचा जुना खेळ गुंडाळला गेला, पाठोपाठ ही फौजही दुकानांतून गायब झाली. जानेवारी 2024 मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' या नव्या खेळाबरोबर ती परत आली. मधल्या काळात लोक व्हॅम्पायर काउंट्स या दुसऱ्या फौजेचे सांगाडे घ्यायचे, सरळ तलवार कापून तिथे वाकडी इजिप्शियन तलवार, खोपेश, बसवायचे, ग्रीन स्टफ नावाच्या हिरव्या लांबीने डोक्यावरचा पट्टा आणि गळ्यातली माळ घडवायचे. मला तशीच हाताने घडवलेली फौज हवी होती. चाळीस भालेवाले, वीस तिरंदाज, तीन रथ. मी स्वतः बरा रंगवतो, पण नोकरी सांभाळून हे सगळं करायला बसलो असतो तर मुलगी दहावी झाली असती. म्हणून कमिशन दिलं, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याला करायला सांगितलं. त्यात काही गैर नाही, जगभर देतात.

माणूस बडोद्याचा, मराठी बोलणारा. 'दादा, तुम्ही निर्धास्त राहा, आपलंच काम आहे.' हे 'आपलंच' फार महाग पडलं. पैसे ज्या खात्यात गेले तिथे नाव दुसरंच दिसत होतं. विचारलं तर 'मेव्हण्याचं खातं आहे, माझं लिमिट संपलं'. मेव्हणा, मावसभाऊ, बायको, कुणाचंही खातं सांगितलं की तिथेच थांबा.

कस्टम्सच्या पैशांवरून मला हसणार असाल तर जरा हिशेब बघा. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70. परदेशातून एखादा खोका मागवलेल्या कुणालाही ही मागणी खरीच वाटली असती. रथांचे किट बाहेरून येतायत आणि अडकलेत, असं तो म्हणाला. आता सांगतो, कस्टम्सचे पैसे कधीही विकणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात भरायचे नसतात. पार्सल तुमच्या नावाने येत नसेल तर तुमचा त्या शुल्काशी संबंधच काय?

आणि आता फोटोची गोष्ट. मी सांगितलं होतं की चिठ्ठीवर माझं नाव आणि तारीख लिहून सांगाड्यांशेजारी ठेवा नि फोटो पाठवा. त्याने पाठवला, पण 'व्ह्यू वन्स' करून. एकदा उघडला की गेला, स्क्रीनशॉटही निघत नाही. सांगाड्यांची सावली डावीकडे पडली होती आणि चिठ्ठीची उजवीकडे. मी झेनिथल प्रायमिंग करतो, म्हणजे रंगाआधीचं अस्तर (प्रायमर) देताना काळ्या थरावर वरून पांढरा मारतो, उजेड कुठून येतो याचाच विचार करत तासन् तास बसतो. तरी मला ती सावली खटकली नाही, म्हणजे खटकली, पण फोटो गेल्यानंतर. रात्रीची वेळ, मोबाइलचा पडदा, चार सेकंद. तुम्हाला दिसली असती म्हणता? बघूच. दुसरी गोष्ट, कन्व्हर्जन केलेल्या, म्हणजे असा कापून-जोडून बदललेल्या मिनिएचरवर (छोट्या पुतळ्यावर) रंगाआधी करड्या प्लास्टिकवर हिरवे डाग दिसतात. त्याच्या एकाही फोटोत हिरवं काही नव्हतं. सगळे आधीच प्रायमर मारलेले. 'दादा, मला घाई होती म्हणून मारून टाकला.' प्रायमरच्या आधीचा फोटो मिळत नसेल तर काम त्याचं नाही असंच धरा.

पार्सल आलं. सांगाडे रेझिनचे, तयार सांगाड्यांवरून साचा काढून ओतलेले. फासळ्यांच्या मध्ये बुडबुडे, दात पुसट, बेस (पायाखालची तबकडी) गोल, आणि मी मागितले होते 25 मिलिमीटरचे चौकोनी. खात्री करायला प्लास्टिक सिमेंटचा थेंब टाकला. पॉलिस्टायरीन प्लास्टिक असतं तर विरघळून चिकटलं असतं, इथे ढिम्म. रंगाच्या नावाखाली सगळ्यांवर तपकिरी वॉश, म्हणजे पातळ रंग, ओतला होता, तोही पायाशी साचलेला.

तरी हा कचरा पाठवण्यामागची हुशारी मला पोलीस ठाण्यात समजली. काहीच आलं नसतं तर सरळ फसवणूक. थोडं काही आलं की, 'माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला.' समोरच्या साहेबांनी एक सांगाडा उचलून पाहिला आणि विचारलं, 'एवढ्याशा बाहुल्यांना एकतीस हजार?' शेजारचा म्हणाला, 'घरात सांगाडे ठेवता, मग असंच होणार.' सगळे हसले. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 म्हटलं, तर 'जुनं चारशेवीस का? मग तसं बोला ना' म्हणाले. लिहून मात्र काही घेतलं नाही. आरोपी बडोद्यात, तर तक्रार बडोद्यात करा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय, हे मी, म्हणजे लुबाडलेल्या माणसाने, त्यांना सांगायचं! मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातूनच पत्र आणा. ठाण्यात पत्र देणारे साहेब बंदोबस्ताला. बँकेत गेलो तर एसीत बसलेल्या मॅडम थंडपणे म्हणाल्या, 'पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुमच्या संमतीने झाला.' हो, झाला! फसवणूक संमतीशिवाय कशी होते ते त्यांनीच एकदा दाखवावं. अर्जावर पोच मागितली तर शिक्का सापडेना.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पहिल्या काही तासांत केला तर समोरच्या खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. मी केला पार्सल आल्यावर, तोवर खातं रिकामं. म्हणूनच तो 'आज निघालं, उद्या निघालं' करत राहिला. कुरिअरची तारीख दोनदा हलली की फोन लावा, पार्सलची वाट बघू नका. खोका उघडतानाचा व्हिडिओ, कुरिअरच्या चिठ्ठीसकट, काढाच. माझ्याकडे आहे आणि ग्राहक आयोगाच्या अर्जाला आत्तापर्यंत तेवढाच उपयोगी पडलाय. पुढच्या वेळी कुणाला कमिशन दिलंच तर आधी एकच मिनिएचर रंगवून घेईन, तेही पूर्ण पैसे देऊन, आणि मग बाकीचे व्हिडिओ कॉलवर बघून.

तो माणूस अजून धंद्यात आहे. नाव नवीन, नंबर नवीन, फोटो तेच, आता भाव 38,000. खूण सांगून ठेवतो: निळ्या-सोनेरी ढालींची रांग, तिसऱ्या सांगाड्याच्या ढालीच्या वरच्या कडेला टवका उडालेला, खाली हिरवी कटिंग मॅट इंचांच्या खुणांची. ही रांग कुणी 'परवाच पूर्ण केली' म्हणून पाठवली, तर त्याला तिसऱ्या ढालीची मागची बाजू दाखवायला सांगा.