हिवाळ्यात यॉसेमिटी: कोणत्या धबधब्यापाशी ट्रायपॉड लावाल?

अमेरिकेतल्या यॉसेमिटी राष्ट्रीय उद्यानात सकाळ हाताशी असेल, तर मी डोळे झाकून यॉसेमिटी फॉल्स निवडेन. ७३९ मीटरची उंची आहेच, पण खरी मजा कडेच्या बर्फात. रात्री उडालेले तुषार कड्यावर गोठतात. ऊन पडलं की त्यांचे पापुद्रे सुटून गडगडत खाली येतात. त्यासाठी शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. वरच्या धबधब्याच्या पायथ्याशी साचलेला बर्फाचा शंकूही फ्रेममध्ये घ्या.

दुसरा धबधबा ब्रायडलव्हेल, १८८ मीटरचा, दरीच्या दक्षिणेकडच्या कड्यावरचा. हिवाळ्यात तिथे बराच वेळ सावली असते, त्यामुळे पाणी मऊ, धूसर दाखवणारं अर्ध्या सेकंदाचं शटर सहज जमतं. जवळ गेलात तर तुषार थेट लेन्सवर येतात, कापड हातातच ठेवा. बर्फ करडा दिसू नये म्हणून दोन्हीकडे एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा.