इंजिन बांधलं आणि ऑइल गळतंय: पावडर, डाय की हवेचा दाब?

टर्बोचं इंजिन बांधून गाडी दारात आली आणि चौथ्या दिवशी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग पडला. मेस्त्री म्हणाला, "साहेब, क्लचकडचा सील गेलाय, गिअरबॉक्स उतरवायलाच पायजे." मागच्या वर्षी मी लगेच हो म्हटलं. दीड दिवस गिअरबॉक्स खाली, नवा सील बसला, मजुरी मोजून दिली. दोन दिवसांनी डाग पुन्हा त्याच जागी. तुमच्यावर ही वेळ आली असेल तर काहीही उतरवण्याआधी गळती शोधायची कशी, हे ठरवा.

त्याच्याही आधी एक तपासणी आहे, ती कुणालाच चुकत नाही: चेंबरमधला, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागातला, दाब. नव्या रिंगा बसेपर्यंत सिलिंडरमधला वायू थोडा जास्तच खाली उतरतो, आपल्याकडचे मेस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात ब्रीदरचा, म्हणजे हा वायू बाहेर सोडणारा, पाइप तुंबलेला असेल तर हा दाब जो सील कच्चा सापडेल तिथून ऑइल ढकलतो. डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप लावा, त्याला खाली यू आकार द्या, त्यात थोडंसंच पाणी भरा आणि इंजिन आयडलवर ठेवा. पाणी एका बाजूला जोरानं चढत असेल तर ब्रीदरचा पाइप सोडून पुन्हा बघा. दाब उतरला तर दोष ब्रीदरचा, नाही उतरला तर रिंगांचा किंवा टर्बोचा. दाब जास्त असताना सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

दाब ठीक निघाला की तीन रस्ते उरतात.

सगळ्यात स्वस्त टाल्कम पावडर. इंजिन डिग्रीझरनं धुऊन पूर्ण वाळवायचं, संशयाच्या जागांवर पावडर भुरभुरायची आणि गाडी चढावर नेऊन आणायची. आमची मी बेळगावजवळच्या वंटमुरीच्या घाटात नेली, कारण सपाट रस्त्यावर टर्बोवर म्हणावा तसा लोड येत नाही. परत येऊन बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून शिवणाच्या दोऱ्याएवढी तपकिरी रेघ निघून पांढऱ्या ब्लॉकवरून थेट बेल हाऊसिंगकडे, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाकडे, उतरली होती. तिथं कॅमच्या कॅपचा सांधा येतो, त्यावर सिलिकॉनचा एक ठिपका द्यायचा असतो, तो राहून गेला होता. ऑइल ठिबकत होतं बेल हाऊसिंगमधून, म्हणून आळ सीलवर. गळती शोधताना सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा धरायची. खालचं सगळं ओघळ आणि वाऱ्यानं मागे उडालेलं असतं.

पण जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडे गाडी फिरत असेल तर पावडरचा नाद सोडा. खालून उडणारं पाणी दहा मिनिटांत सगळं धुऊन नेतं. उलट उन्हाळ्यात तांबडी धूळच पावडरचं काम करते: जिथं ती चिकटून गच्च झाली, तिथं ऑइल आहे.

पावसाळ्यात आणि अगदी संथ गळतीला यूव्ही डाय बरा, म्हणजे ऑइलमध्ये ओतायचा, यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग. चार-पाच लिटर ऑइलला साधारण ३० मिली, तरी बाटलीवरचं प्रमाणच खरं. पन्नासेक किलोमीटर चालवून अंधारात यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा घेऊन बघायचं. गळतीची जागा हिरवट पिवळी चमकते. पावडर जिथं पोहोचत नाही तिथं, म्हणजे टर्बोच्या मागे, इनटेकच्या खाली, ऑइलच्या प्रेशर स्विचच्या बुडाशी, डाय दिसतो. अडचण दोन. ओतताना सांडला तर खोटा माग लागतो, म्हणून फनेल वापरा आणि नंतर पुसून घ्या. आणि डिझेल इंजिनचं ऑइल काळं झालं की चमक मंद होते, तेव्हा ऑइल नवं असतानाच हे उरका.

तिसरा हवेचा दाब. ब्रीदर बंद करून डिपस्टिकच्या नळीतून दोन पीएसआय हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. बंद इंजिनवर, अर्ध्या तासात काम होतं, हा मोठा फायदा. पण रेग्युलेटर नसेल तर करूच नका. पाच पीएसआयच्या वर नवे सील उलटू शकतात. टर्बोच्या गाडीत आणखी एक फसगत आहे. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतो, पिस्टन रिंगसारखी रिंग असते आणि तिच्यातून हवा थोडी निसटतेच. तो आवाज ऐकून टर्बो बदलायला निघू नका. शिवाय ही पद्धत फक्त चेंबर आणि टॅपेट कव्हरच्या बाजूची गळती दाखवते. प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, टर्बोला ऑइल पुरवणारा फीड पाइप यांतलं ऑइल इंजिन चालू असतानाच दाबाखाली येतं, त्यामुळे तिथं ही चाचणी काहीच सांगत नाही.

उद्यमबागेत लेथवर असल्यानं मला कॉम्प्रेसर हाताशी आहे, तरी कोरड्या दिवसांत मी पावडरनंच सुरुवात करीन, पावसात डायनं. हवा शेवटी, तीही सील किंवा चेंबरच्या जोडावर नेमका संशय असेल तरच.

टर्बोचे दोन पाइप मात्र पद्धत कुठलीही असो, हातानं तपासा. फीड पाइपच्या बँजो बोल्टला (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याची वॉशर नवी लागते. जुनी दबून कडक झालेली असते, ती कितीही आवळली तरी पाझरते. रिटर्न पाइपमधून ऑइल केवळ उतारानं खाली येतं. तिथं गास्केटऐवजी सिलिकॉन फासलं आणि ते आत फुगलं, तर ऑइल टर्बोतच साचून हवेच्या पाइपात उतरतं. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपात नुसता ओलसर थर असला तर चालतं, वाटीभर ऑइल निघालं तर गाडी चालवू नका. डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून ओढायला लागलं तर चावी काढूनही थांबत नाही. आणि ठिबक टर्बोच्या गरम एक्झॉस्ट बाजूवर पडत असेल, जळका वास येत असेल, तर घाटाची चाचणीही नको. गाडी टो करून गॅरेजला न्या.