आर्मी ऑफ इंडिया की क्रिमिया?

संग्रहासाठी ब्रिटिश अधिकाऱ्याचं एकच पदक घ्यायचं, तर मी आर्मी ऑफ इंडिया, म्हणजे हिंदुस्थानातल्या जुन्या लढायांचं पदक घेईन. क्रिमियाच्या युद्धाचं पदक १८५४ सालचं. फितीवरच्या, लढायांची नावं असलेल्या धातूच्या पट्ट्या ओकच्या पानांसारख्या, टोकाला इवलंसं फळ, देखणं खरंच. पण बरीच पदकं बिननावाची वाटली गेली, नावं नंतर कोरली. त्यामुळे पलटणीचा हजेरीपट, म्हणजे सैनिकांच्या नावांची यादी, ताडल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आर्मी ऑफ इंडियाच्या कडेवर नाव असतं. पट्ट्यांवर असई, अडगाव, गाविलगड, खडकी! असईची लढाई १८०३ची, पदक मंजूर झालं १८५१ला, तेही हयात असलेल्यांनाच. अठ्ठेचाळीस वर्षं वाट पाहिलेल्या म्हाताऱ्याचं नाव बोटाखाली लागतं, तेव्हा अंगावर काटा येतो. मात्र पट्ट्या नंतर जोडलेल्या नाहीत ना, हे भिंगाखाली बघाच.