निबंधाच्या प्रस्तावनेसाठी ‘आधी विधान’ पद्धत : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पद्धत सांगायला सोपी आहे. निबंधाची पहिली ओळ लिहायच्या आधी त्याचं मुख्य विधान, म्हणजे क्लासमध्ये सगळे ज्याला थिसिस म्हणतात ते, रफ पानावर पूर्ण वाक्यात लिहून काढायचं. प्रस्तावना मग त्या विधानापासून उलटी रचत यायची. युपीएससी मुख्य परीक्षेचा निबंधाचा पेपर मराठीतून देणाऱ्यांच्या सराव उत्तरपुस्तिका तपासताना आम्ही ही पद्धत काही महिने सलग वापरून घेतली. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिथेही निबंधाला २५० गुण आहेत, त्यामुळे हे दोन्हीकडच्या मुलांच्या उपयोगाचं आहे. आमचं मत असं : पद्धत नक्की चालते, सुरुवातीला वेळ खाते आणि प्रत्येक प्रकारच्या विषयाला सारखी लागू पडत नाही.

युपीएससीच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध असतात, प्रत्येकी १२५ गुणांचे आणि १००० ते १२०० शब्दांचे. आयोगाच्या अभ्यासक्रमात या पेपरबद्दल दोन-तीनच वाक्यं आहेत : विषयाला धरून राहा, कल्पना क्रमाने मांडा, थोडक्यात लिहा, नेमक्या आणि परिणामकारक मांडणीला गुण मिळतील. यात कुठेही सुंदर सुरुवात मागितलेली नाही. विषयाला धरून राहणं मात्र पहिलंच आहे, आणि बहुतेक प्रस्तावना नेमक्या तिथेच घसरतात.

घसरतात कारण शाळेपासून प्रस्तावना ही सजावट म्हणून शिकवली जाते. दहावीच्या वैचारिक निबंधात सुविचाराने सुरुवात, नाण्याच्या दोन बाजू आणि शेवटी ‘आपण सर्वांनी मिळून’ एवढ्यावर भागतं. तीच सवय पुढे येते. ‘आजच्या एकविसाव्या शतकात’, ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’, ‘प्राचीन काळापासून’ अशा सुरुवाती कुठल्याही विषयाला चिकटतात, म्हणून त्या कुठल्याच विषयाच्या नसतात. पण पहिली ओळ शिळी असणं हा खरा दोष नव्हे. लिहिणाऱ्याने अजून काही ठरवलेलंच नसतं, आणि ठरेपर्यंत वेळ काढायला तो प्रस्तावना लिहीत असतो. दीडशे शब्द असेच जातात. निबंधाला काय म्हणायचंय ते चौथ्या-पाचव्या परिच्छेदात कुठेतरी सापडतं, आणि तोवर वाचणाऱ्याने निबंधाबद्दल मत बनवलेलं असतं.

आता प्रत्यक्ष काम. २०२३ च्या पेपरातला एक विषय घेऊ : ज्या समाजात न्याय अधिक, त्या समाजाला दानाची गरज कमी.

पहिली पायरी, विषयाचा प्रश्न करा. न्याय वाढला की दानाची गरज का घटते? कोणत्या मार्गाने घटते? कधीच घटत नाही अशी जागा आहे का? रफ पानावर असे तीन प्रश्न पुरतात. दुसरी पायरी, त्यांचं उत्तर एका किंवा दोन वाक्यांत लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यातच : तुमची भूमिका, तिचं कारण आणि तिची मर्यादा. एकूण २५ ते ४० शब्द. त्यापेक्षा लांबलं तर समजा की अजून विचार चालू आहे, विधान तयार झालेलं नाही.

मुलं पहिल्या फेरीत साधारण कशी विधानं लिहितात ते पाहा. ‘न्याय आणि दान या दोन्ही गोष्टी समाजासाठी महत्त्वाच्या आहेत.’ याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून यातून निबंध निघत नाही. ‘या निबंधात आपण न्याय व दान यांच्या सामाजिक, आर्थिक, राजकीय व नैतिक पैलूंचा आढावा घेणार आहोत.’ ही अनुक्रमणिका झाली. ‘न्याय अधिक असल्यास दानाची गरज कमी भासते.’ हा विषयच पुन्हा लिहिलाय. हा तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण लिहिणाऱ्याला वाटतं आपण भूमिका घेतली.

दोन-तीन वेळा खोडल्यावर जे उरायला हवं ते असं काहीसं : ‘दान माणसाची आजची भूक भागवते, पण ती भूक ज्या व्यवस्थेतून पुन्हा पुन्हा निर्माण होते, ती व्यवस्था न्यायानेच बदलते. म्हणून न्याय वाढतो तशी दानाची गरज घटते, मात्र आपत्ती आणि एकाकीपण यांत करुणेची जागा कायद्याला घेता येत नाही.’

आता याच्या तीन चाचण्या. एक, विधान उलटं करून पाहा. ‘दानाची गरज न्यायावर अवलंबून नसते’ असं एखादा समंजस माणूस म्हणू शकेल का? म्हणू शकेल, म्हणजे आपण खरोखर काहीतरी म्हटलंय. दोन, विषयाची ओळ झाकून फक्त विधान वाचा. ते ‘लोकशाही’ किंवा ‘शिक्षण’ या विषयांखालीही खपत असेल तर मोडा. तीन, त्यातून परिच्छेद निघतात का? इथे निघतात : दान काय भागवतं आणि कुठे थांबतं, भूक पुन्हा का निर्माण होते, न्यायामुळे व्यवस्था कशी बदलते, आणि शेवटी आपत्ती व एकाकीपण. चार गट, प्रत्येकी दोन-अडीचशे शब्द, म्हणजे आराखडा वेगळा काढायची गरजच उरत नाही. पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा आम्हाला इथे दिसला. प्रस्तावना सुधारते हे खरं, पण त्याहून जास्त सुधारतो तो मधला भाग.

तिसरी पायरी प्रस्तावनेची. हजार-बाराशे शब्दांच्या निबंधाला ११० ते १४० शब्दांची प्रस्तावना पुरते. तीन तुकडे : सुरुवात, सांधा, विधान. लिहायचा क्रम मात्र उलटा. शेवटचं विधान तयार आहे. आता त्या विधानात जो ताण आहे, तोच ताण ज्या प्रसंगात उघड दिसतो असा प्रसंग शोधा. वरच्या विधानात ताण आहे तो मिळालेली मदत आणि हक्क यांच्यात. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला त्यासाठी लांब जावं लागत नाही :

‘१९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेही त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले; पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. कोणीतरी दया येऊन वरून पाणी वाढावे, अशी त्यांची मागणी नव्हती. स्वतःच्या हाताने पाणी घेण्याचा हक्क त्यांना बजावायचा होता. पाणी वाढणारा कितीही दयाळू असला, तरी घेणाऱ्याची तहान उद्याही त्याच्याच मर्जीवर अवलंबून राहते.’

आणि याच्या पुढे ते विधान. प्रसंगातून विधानात जाताना शेवटचं वाक्य काय करतं ते नीट बघा. महाडची गोष्ट तिथे सुटते आणि दानाचा स्वभाव सुरू होतो. हाच सांधा. मुलं हा सांधा गाळतात आणि प्रसंगानंतर थेट ‘यावरून असे दिसून येते की’ लिहितात. तेवढ्याने प्रसंग आणि विधान जोडले जात नाहीत, शेजारी शेजारी बसतात.

याच विषयाला १९७२ च्या दुष्काळातून आलेली रोजगार हमी योजनाही लागू पडते. दुष्काळग्रस्तांना नुसतं धान्य वाटण्याऐवजी मागेल त्याला काम, १९७७ चा कायदा, आणि पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी केलेला कायदा. पण ती आम्ही मधल्या भागात ठेवायला सांगतो. तिला समजावून सांगावं लागतं, आणि प्रस्तावनेत समजावत बसायला जागा नसते. जे दोन-तीन वाक्यांत डोळ्यांपुढे उभं राहतं तेच सुरुवातीला.

सुरुवातीच्या प्रकारांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. इतिहासातला खरा प्रसंग सर्वांत भरवशाचा, अट एकच : साल आणि नाव पक्कं माहीत हवं. काल्पनिक ‘रामू शेतकरी’ सध्या फार चालतो. तो वाईट नाही, पण तो काहीच सिद्ध करत नाही, कारण त्याच्याकडून हवं ते करून घेता येतं. आकडा ताजा आणि खात्रीचा असेल तरच. व्याख्येने सुरुवात फक्त तेव्हा, जेव्हा तुमची व्याख्या नेहमीच्या व्याख्येला धक्का देते. अवतरणाचा मोह मात्र आवराच. गांधीजींच्या नावावर खपणारं ‘जगात जो बदल पाहायचाय तो स्वतः व्हा’ हे वाक्य त्यांच्या लेखनात या शब्दांत सापडत नाही, तरी उत्तरपुस्तिकांत ते सर्रास दिसतं. आणि अवतरण खरं असलं तरी पहिल्याच ओळीत तुमच्याऐवजी दुसरंच कोणी बोलतं.

पद्धत कुठे अडते? ज्या विषयात भूमिका आधीच घेतलेली असते तिथे. त्याच २०२३ च्या पेपरात एक विषय होता : मुलींवर बंधनांचं ओझं, मुलांवर अपेक्षांचं, दोन्ही शिस्ती सारख्याच हानिकारक. इथे ‘भूमिका, कारण, मर्यादा’ हा साचा यांत्रिकपणे लावला की सगळे ‘होय, दोन्ही हानिकारक आहेत’ एवढ्यावर थांबतात. अशा वेळी सगळं वजन ज्या शब्दावर आहे तो शोधायचा. इथे तो ‘सारख्याच’. मग विधान जिवंत होतं : ‘बंधने आणि अपेक्षा एकाच पुरुषप्रधान चौकटीतून येतात आणि दोन्ही माणूसपण खुंटवतात, पण त्यांची हानी सारखी नाही, कारण अपेक्षांसोबत मुलांच्या हाती संधी येते, बंधने मात्र मुलींच्या हातची संधी काढून घेतात.’ विषयाशी अर्धं सहमत, अर्धं असहमत, आणि दोन्हीला कारण. असं लिहायला मुलं घाबरतात. छापलेल्या विषयाला विरोध केला तर गुण जातील असं त्यांना वाटतं. विरोध कारणासकट आणि पूर्ण निबंधभर पेलला तर तोच निबंधाचा कणा होतो.

रूपकाच्या विषयांवर उलटं करून पाहण्याची चाचणी जवळपास निरुपयोगी ठरते. ‘गणित हे तर्कबुद्धीचे संगीत आहे’ याच्या उलट बाजूने कोण कशाला भांडेल? तिथे प्रश्न बदला : हे रूपक कुठपर्यंत खरं आहे आणि कुठे तुटतं? दोन्ही नियमांत बांधलेले, दोन्हींत नियमातूनच सौंदर्य उगवतं. पण संगीताला ऐकणारा लागतो, गणिताच्या सत्याला लागत नाही. तुटण्याची जागा सापडली की विधान सापडतं.

‘जंगले संस्कृतींच्या आधी येतात आणि वाळवंटे त्यांच्या मागून’ या २०२४ च्या विषयात धोका वेगळा. विषय ओळखीचा वाटतो, म्हणून पाठ केलेला पर्यावरणाचा निबंध बाहेर येतो. विधानात ‘संस्कृती’ हा शब्द आहे की नाही एवढं तपासलं तरी निम्मं संकट टळतं.

भाषेची एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली. मराठीत विधानाचा जीव घेणारी काही शेपटं आहेत : ‘असे म्हटल्यास वावगे ठरू नये’, ‘होताना दिसून येते’, ‘अनन्यसाधारण महत्त्व आहे’, ‘करणे ही काळाची गरज आहे’. विधान लिहून झाल्यावर क्रियापदाकडे बघा. ‘बदलते’, ‘घटते’, ‘काढून घेते’ अशी थेट क्रियापदं असतील तर ठीक. ‘करण्यात येते’ असलं की कर्ता हरवतो, आणि कर्ता हरवला की भूमिकाही हरवते.

लिहिता लिहिता विधान बदललं तर? हे होतं, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदाला. प्रस्तावना खोडू नका. बदल जिथे सुचला तिथेच उघड करा : ‘सुरुवातीच्या विधानाला इथे एक दुरुस्ती करावी लागते.’ निबंधात एकदाच, आणि समारोपात ती दुरुस्ती धरून. विधान एक आणि निबंध दुसराच, असं गुपचूप होण्यापेक्षा हे केव्हाही बरं. त्यावर पहारा म्हणून प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात विधानातला एखादा शब्द किंवा त्याचा प्रतिशब्द आलाय का, हे लिहितानाच बघत जायचं.

सरावासाठी दरवेळी पूर्ण निबंध लिहायची गरज नाही, आणि पद्धतीतला आम्हाला सर्वांत आवडलेला भाग हाच. जुना विषय घ्यायचा, वीस मिनिटांत रफ, विधान आणि प्रस्तावना लिहायची आणि थांबायचं. मग ती प्रस्तावना विषय न सांगता अभ्यासिकेतल्या कोणाला तरी वाचायला द्यायची आणि विषय काय असेल ते विचारायचं. उत्तर जवळपास बरोबर आलं तर प्रस्तावना ठीक. समोरचा ‘काहीतरी सामाजिक न्यायाबद्दल’ म्हणाला तर विधान अजून ढिलं आहे.

वेळेचं गणित शेवटी बसतं, पण सुरुवातीला त्रास होतो. पहिले काही आठवडे एका विधानालाच पंचवीस मिनिटं जातात आणि मुलं वैतागून पद्धत सोडतात. तिथे सोडू नये. वेळ हळूहळू दहा-बारा मिनिटांवर येतो. परीक्षेत मात्र दोन्ही निबंधांची विधानं पहिल्या अर्ध्या तासातच लिहून ठेवायची, दुसऱ्या निबंधाचं त्याची वेळ आल्यावर नाही. तोवर हात दुखत असतो, डोकं पहिल्याच विषयात अडकलेलं असतं आणि घड्याळ दिसत असतं. अशा वेळी सुचणारी पहिली ओळ बहुतेक वेळा ‘आजच्या एकविसाव्या शतकात’ हीच असते. विधान आधीच रफ पानावर असलं की फक्त प्रसंग आणि सांधा लिहायचा उरतो, आणि तेवढं सात-आठ मिनिटांत होतं.