खोकं नवं, कॅम जुनी: 350 शेव्हीच्या मालकांनी पैसे भरण्याआधी वाचावं असं

अमेरिकेत राहून शेव्हरोलेटची (म्हणजे शेव्हीची) जुनी शेव्हेल, कॅमेरो किंवा नोव्हा हौसेनं बाळगणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहोत. कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) मागवायच्या बेतात असाल तर पैसे भरण्याआधी वाचा, कारण जुनी कॅम कोरी म्हणून विकायच्या फसवणुकीत माल इंजिनात बसला की हातात काही उरत नाही.

खालची मापं 1970 च्या एका शेव्हेलच्या इंजिनातली आहेत. 350 घनइंची स्मॉल ब्लॉक (शेव्हीचं लहान ठेवणीचं व्ही-8), टर्बो-हायड्रामॅटिक 350 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मूळचाच टॉर्क कन्व्हर्टर, मागचा एक्सल 2.73 (गिअरचं गुणोत्तर; आकडा कमी तितका उठतानाचा जोर कमी), पॉवर ब्रेक. मालकाची अपेक्षा साधी होती: रोज बाहेर काढता यावी आणि सिग्नलला उभी असताना जरा घुमावी. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘292 डिग्री, लिफ्ट अर्धा इंच, कोरी, सोबत 16 लिफ्टर’. डिग्री म्हणजे व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो, लिफ्ट म्हणजे तो किती उघडतो, आणि लिफ्टर म्हणजे कॅमवर टेकून तिची उचल वर पोचवणारा तुकडा. भाव चांगल्या कंपनीच्या किटच्या जवळपास निम्मा. पैसे मात्र ओळखीच्या माणसाला पाठवतात तशा थेट ट्रान्सफरनं मागितले. साडेतीनशे मैलांत दोन लोब (कॅमवरचे व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) झिजून सपाट झाले. विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: ‘ब्रेक-इन नीट केलं नाही, तेल चुकीचं घातलं.’

हा सगळा धंदा ह्या एका उत्तरावर उभा आहे. फ्लॅट टॅपेट कॅम (जिच्यावर लिफ्टरचा तळ थेट घासतो ती) चुकीच्या ब्रेक-इननं, म्हणजे पहिल्यांदा चालवून नीट न रुळवल्यानं, खरोखरच जाते, आणि एकदा लोब झिजला की तो कशानं झिजला हे त्याच्याकडे पाहून कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. म्हणून पुरावा गोळा करायचा तो कॅमला वंगण लावण्याआधी.

आधी कागदापासून सुरुवात करू. प्रत्येक चांगल्या कॅमबरोबर कॅम कार्ड येतं. त्यावर 50 थाऊ, म्हणजे 0.050 इंच लिफ्टर वर उचललेला असतानाची ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याच्या क्रँकच्या डिग्र्या), लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन), इनटेक सेंटरलाइन (इनटेक लोबचं शिखर येतं ती क्रँकची डिग्री) आणि व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या डिग्र्या असतात. ह्या किटच्या कार्डावर दोनच आकडे होते, 292 आणि 0.500. ‘जाहिराती’ ड्युरेशन नेमक्या किती उंचीवर मोजायची ह्यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. बऱ्याच जणी हायड्रॉलिक कॅमसाठी 6 थाऊ धरतात, काही 4 थाऊ. उंची सांगितलीच नाही तर 292 ला काही अर्थच उरत नाही. 50 थाऊचा आकडा मात्र सगळीकडे एकाच पद्धतीनं मोजतात, म्हणून दोन कॅमची तुलना त्यावरच करायची. प्रत्यक्षात ही कॅम 6 थाऊवर 264 आणि 50 थाऊवर 214 डिग्री भरली. 214 ची कॅम वाईट नाही, उलट ह्या गाडीला तीच शोभली असती. पण विकली गेली ती मोठी कॅम म्हणून.

लिफ्टमधली लबाडी तर नुसत्या भागाकारानं उघडी पडते. न झिजलेल्या लोबची उंची निघाली 0.3125 इंच. व्हॉल्व्हची लिफ्ट म्हणजे लोबची लिफ्ट गुणिले रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचं) गुणोत्तर. स्मॉल ब्लॉक शेव्हीचा मूळ रॉकर 1.5 चा, म्हणजे लिफ्ट झाली 0.469. जाहिरातीतला अर्धा इंच 1.6 चा रॉकर धरून काढलेला होता, आणि तसा रॉकर किटमध्ये नव्हता. ‘लिफ्ट किती’ एवढंच विचारू नका. ‘कुठल्या रॉकरवर’ हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता खोक्यातला माल. कॅम काळ्या फॉस्फेट थराखाली आणि मेणकट ग्रीसमध्ये गुंडाळलेली होती, दिसायला अगदी कोरी. जुनी कॅम यंत्रावर पुन्हा घासताना लोब, फार तर जर्नल (कॅम बेअरिंगमध्ये टेकते ते गोल भाग) घासतात. पुढच्या जर्नलमागचं पेट्रोल पंप चालवणारं एक्सेंट्रिक आणि डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या गिअरचे दात सहसा कुणी घासत नाही. इथं रॉकेलनं थर पुसल्यावर एक्सेंट्रिकवर पंपाच्या दांड्यानं पाडलेला बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा दिसला, आणि गिअरच्या प्रत्येक दाताच्या एकाच बाजूला झिजेची चमक होती. टायमिंग स्प्रॉकेटचे तीन बोल्ट जिथं बसतात त्या आट्यांत वाळलेल्या थ्रेडलॉकचे निळे कण अडकलेले होते. एकदाही न बसवलेल्या कॅममध्ये ते यायचं काही कारण नाही. जर्नल मायक्रोमीटरनं मोजा: स्मॉल ब्लॉकचे पाचही जर्नल 1.868 ते 1.869 इंचांचे असतात. इथले दोन 1.866 च्या खाली होते. असे जर्नल बेअरिंगमध्ये सैल फिरतात आणि तेलाचा दाब खातात.

घासलेली कॅम विकणं हा गुन्हा नाही. चांगला ग्राइंडर योग्य कॅमवर उत्तम काम करतो आणि ती घासलेली आहे हे सांगूनच विकतो. पण पुन्हा घासताना लोबचं बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान होतं, त्यामुळे लिफ्टर बोअरमध्ये खाली बसतो. शेव्हीचा रॉकर नटावर असल्यामुळे प्रीलोड (लिफ्टर आतून किती दाबलेला राहावा ते) जुळवून घेता येतो आणि आवाजही येत नाही. तिथंच माणूस चकतो. रॉकरचा कोन बिघडलेला असतो, व्हॉल्व्हच्या टोकावरचा त्याचा पट्टा मधोमध न पडता कडेला सरकतो आणि व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) लवकर ढिलं होतं. त्यासाठी 7.8 इंचांच्या मूळ पुशरॉडऐवजी (लिफ्टर आणि रॉकर ह्यांमधल्या दांडीऐवजी) लांब पुशरॉड लागतो. शिवाय कडक केलेला थर किती उरला आहे, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

लिफ्टरची गोष्ट ह्याहून गंभीर. फ्लॅट टॅपेट हे नाव जरा फसवं आहे. लिफ्टरचा तळ अगदी थोडा फुगीर असतो आणि लोबला एक-दोन थाऊचा उतार दिलेला असतो. लोब लिफ्टरच्या मध्यापासून थोडा बाजूलाही असतो. ह्या तिन्हींमुळे लिफ्टर आपल्या बोअरमध्ये सतत फिरत राहतो आणि झीज पूर्ण तळावर वाटली जाते. तो फिरायचा थांबला की एकाच रेघेवर घासतो आणि काही मिनिटांत लोबचं नाक खाऊन टाकतो. तपासायला दोन लिफ्टरचे तळ एकमेकांवर टेकवा आणि दिव्यासमोर धरा. चांगले असतील तर ते किंचित डुलतात आणि कडेला प्रकाशाची बारीक फट दिसते. ह्या किटमधल्या 16 पैकी अकरा लिफ्टर एकमेकांवर काचेसारखे चिकटून बसले. जुने लिफ्टर सपाट घासून पॉलिश केलेले होते. जुना लिफ्टर नव्या कॅमवर कधीच चालवायचा नाही. तो चालतो तो फक्त त्याच्याच जुन्या लोबवर.

लोब गेले हे असं कळलं: वर टिकटिक सुरू झाली, मग कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येऊ लागला. एक्झॉस्ट लोब झिजला की जळलेला वायू बाहेर पडत नाही आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडताच उलटा वर येतो. अशी शंका आली की व्हॉल्व्ह कव्हर काढा, डायल गेज रिटेनरवर (व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या माथ्यावरच्या टोपीवर) टेकवा आणि सोळाही व्हॉल्व्हची लिफ्ट मोजून लिहून ठेवा. इथं चौदा 0.46 च्या आसपास होते, एक 0.31 आणि एक 0.27. तेलाचा फिल्टर कापून घडीचा कागद उलगडला, तर चुंबकाला लोखंडाची काळी भुकटी चिकटली. ही भुकटी मेन आणि रॉड बेअरिंगांत रुतते, म्हणून नुसती कॅम बदलून भागत नाही. पूर्ण इंजिन सोडून तेलाच्या वाटा ब्रशनं धुवाव्या लागतात. निम्म्या भावात घेतलेल्या किटची खरी किंमत ही होती.

आता पुढच्यानं काय करावं ते सविस्तर. कॅम हातात आली की आधी लेथवर दोन सेंटरमध्ये धरा किंवा व्ही-ब्लॉकवर ठेवा आणि डायल गेजनं प्रत्येक लोबची उंची मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे. ड्युरेशन अशा रीतीनं मोजायची असेल तर गेजला सपाट चकतीचं टोक लावा, कारण टोकदार टोक लोबच्या कुशीत सपाट लिफ्टरासारखं चालत नाही आणि डिग्र्या चुकतात. कॅमच्या एका डिग्रीला क्रँकच्या दोन, हेही लक्षात ठेवा.

मोजमाप पटलं तरच ब्लॉकमध्ये घाला आणि डिग्री व्हील लावा. क्रँकवर चाक, पहिल्या सिलिंडरवर पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा खुंटा). क्रँक दोन्ही बाजूंनी स्टॉपला टेकेपर्यंत फिरवा आणि दोन आकड्यांचा मध्य काढा, तो खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा; सगळ्यात खालची ती बीडीसी). बॅलन्सरवरच्या (क्रँकच्या पुढच्या टोकाच्या चाकावरच्या) खुणेवर विसंबू नका, जुन्या बॅलन्सरची बाहेरची कडी रबरावर सरकलेली असते. मग इनटेक लिफ्टरवर डायल गेज ठेवून 50 थाऊ वर गेल्याची आणि उतरताना 50 थाऊ उरल्याची डिग्री वाचा. ह्या कॅमचा इनटेक टीडीसीनंतर 5 डिग्रीला उघडत होता आणि बीडीसीनंतर 39 ला मिटत होता. 180 मध्ये 39 मिळवून 5 वजा केले की 214. अर्धे 107, त्यात 5 मिळवले की सेंटरलाइन 112. लोब सेपरेशन 110 होतं. अशी रस्त्याची कॅम साधारण 4 डिग्री पुढे घासलेली असते, म्हणजे 106 यायला हवं होतं. ही सहा डिग्री मागे होती. इनटेक उशिरा मिटला की खालच्या आरपीएमवर भरलेली हवा परत ढकलली जाते. आधीच 2.73 चा एक्सल, त्यात हे, म्हणून ती गाडी सिग्नलवरून उठतच नव्हती.

कुठली कॅम घ्यावी ह्यावर आमचं मत ठाम आहे: आधी इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) खरं किती ते शोधा. शेव्हेलच्या 300 हॉर्सपॉवरच्या 350 ला 1970 मध्ये 10.25 होतं. 1971 मध्ये जनरल मोटर्सनं कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी ते 8.5 वर आणलं. गाडी 1970 ची असली तरी आतलं इंजिन नंतरचं असू शकतं, म्हणून उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकच्या पट्टीवर ठोकलेली अक्षरं वाचा. 8.5 कॉम्प्रेशन, 2.73 किंवा 3.08 एक्सल आणि मूळ कन्व्हर्टर असेल तर 50 थाऊवर 204 ते 214, लोब सेपरेशन 112. ह्यापुढे जायचा मोह आवरा. 224 च्या घरातली कॅम मागायची तर साडेनऊच्या वर कॉम्प्रेशन, 2400 आरपीएमच्या आसपास स्टॉलचा (गाडी ब्रेकवर धरून इंजिन जितकं चढतं त्या आकड्याचा) कन्व्हर्टर आणि 3.55 चा एक्सल हवा. पॉवर ब्रेकला आयडलवर (गाडी उभी असताना इंजिन हळू फिरतं तेव्हा) सुमारे 16 इंच व्हॅक्यूम लागतं आणि तशा कॅमवर ते 12-13 पर्यंत उतरू शकतं. मग ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. स्प्रिंग बसल्यावर पूर्ण लिफ्टला रिटेनर आणि गाइडच्या सीलमध्ये निदान 50 थाऊ फट राहते का हेही बघा, मूळ हेडवर इथंच अडतं.

जो विक्रेता कॉम्प्रेशन, एक्सल, कन्व्हर्टर, ब्रेक ह्यांतलं काहीच न विचारता ‘ही घ्या, मस्त वाजेल’ म्हणतो, त्याच्याकडून कॅम घेऊ नका. आवाजावर विकणारे तयार गाड्याही विकतात. इग्निशन मागे ओढून किंवा एखादी व्हॅक्यूम नळी सैल ठेवून साधं इंजिनही सिग्नलला लटपटवता येतं. तिथं टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावा आणि सगळ्या नळ्या बंद करून व्हॅक्यूम गेज पाहा. टायमिंग जागेवर आणल्यावर काटा 18 वर स्थिर झाला तर आत मोठी कॅम नाही.

ब्रेक-इन मात्र अगदी काटेकोर करा, म्हणजे विक्रेत्याचं ते उत्तर त्याच्याच अंगावर जाईल. लोबवर आणि लिफ्टरच्या तळावर मॉलिब्डेनम पेस्ट, दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली काढून ठेवायची, जस्त-फॉस्फरस भरपूर असलेलं ब्रेक-इन तेल. दुकानातल्या नेहमीच्या पातळ तेलांत 2004 च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम दर्जापासून फॉस्फरस 0.08 टक्क्यांवर मर्यादित झाला आहे, ते इथं चालत नाही. ऑइल पंप ड्रिलनं आधी फिरवून घ्या, इंजिन सुरू होताच 2000 ते 2500 आरपीएमवर न्या आणि वरखाली करत 20-30 मिनिटं ठेवा. आयडलवर सोडू नका. सगळ्याचा व्हिडिओ तारखेसह ठेवा, तेलाच्या डब्यांचेही फोटो काढा.

फसवणूक झालीच असेल तर कॅम आणि लिफ्टर विक्रेत्याला परत पाठवू नका, निदान निकाल लागेपर्यंत नाही. प्रत्येक लिफ्टर सिलिंडरच्या क्रमांकाच्या पिशवीत ठेवा, एक्सेंट्रिकवरच्या पट्ट्याचा आणि मायक्रोमीटरच्या वाचनाचा फोटो काढा. क्रेडिट कार्डानं पैसे दिले असतील तर ते बिल ज्या पहिल्या स्टेटमेंटवर आलं, ते पाठवल्यापासून 60 दिवसांत बँकेला लेखी हरकत पोचली पाहिजे. ‘वस्तू सांगितल्याप्रमाणे नव्हती’ असं लिहा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. ‘कॅम खराब झाली’ असं लिहू नका, त्यातून वाद ब्रेक-इनकडे वळतो. थेट ट्रान्सफर केलेले पैसे बँकेकडून परत येणं फार अवघड. तिथं फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे तक्रार नोंदवा, आणि विक्रेत्याचा खरा पत्ता माहीत असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्टात दावा लावता येतो. शेव्हेलच्या मालकाकडे थर पुसण्याआधीचा एकही फोटो नव्हता.