मेनिएर, मोजकं मीठ आणि दोन नंबरांचं मशीन : आठ महिन्यांनंतर

डाव्या कानाला दडा बसला तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी मळ समजून थेंब दिले, दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढायला लावला. चार महिने त्यातच गेले. तोवर दोनदा अशी घेरी आली, की स्वयंपाकघरात फरशीवर तीन-तीन तास पडून होते. मग ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली. २५० आणि ५०० हर्ट्झचे जाड आवाज ५० डेसिबलइतके मोठे केल्यावरच ऐकू येत होते, वरचे बारीक आवाज शाबूत. निदान : मेनिएर, आतल्या कानाचा आजार. आतल्या कानातलं पाणी साठून पडदे फुगतात, म्हणून ऐकू येणं रोज वर-खाली.

चकरांसाठी बीटाहिस्टिनची गोळी, १६ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. उपाशीपोटी घेतली की पोटात ढवळतं. चकरा कमी झाल्यात, पण श्रेय गोळीला द्यायला जीभ अडखळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांच्या आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांच्या, दोघांच्याही चकरा सारख्याच कमी झाल्या होत्या. हे डॉक्टरांना दाखवलं, तर म्हणाले, "बरं वाटतंय ना? मग चालू ठेवा."

कानात पाणी साठू नये म्हणून मीठ मोजकं करायचं होतं, त्याने मात्र रडवलं. दिवसाचं मीठ सकाळीच वाटीत काढून ठेवते, एक सपाट चमचा, त्यातच सगळं. पोळीतलं मीठ बंद केलं ते घरात कुणालाच कळलं नाही. आमटी आमसूल आणि मिरचीवर निभावते. पापड-लोणचं सुटलं, पण पावातही मीठ असतं हे पाकीट वाचेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत जेवले की दोन दिवसांत कान भरल्यासारखा होतो. योगायोग असेलही.

कानात द्यायच्या जेंटामायसिन या औषधाच्या इंजेक्शनने चक्कर थांबते, पण उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं, म्हणून तूर्त नाही म्हटलंय.

खरा दिलासा ऐकायच्या मशीनचा. आधी एकाच मापाचं होतं, कान बरा असला की कुकरची शिट्टी डोक्यात शिरायची. ऑडिओलॉजिस्टने दोन प्रोग्राम करून दिले : बऱ्या दिवसाचा एक, दड्याच्या दिवसाचा दोन. कुठला लावायचा हे तानपुऱ्याचं ॲप सांगतं. रोज सकाळी फोन आधी उजव्या कानाला, मग डाव्या. वाईट दिवशी तोच सा डावीकडे भलत्याच पट्टीत लागतो, वर फुटल्यासारखा. भजनी मंडळात त्या दिवशी मी फक्त टाळ धरते.

आज दोन्ही सा जवळजवळ जुळले. मशीन एक नंबरवर.