वादळापासून बचाव: सोसायटीने करावा की ज्याचा त्याने?

वडोदरा समुद्रापासून आत असल्याने वादळाची काळजी आपण सौराष्ट्रावर सोपवून मोकळे होतो. परंतु भारतीय मानक आयएस 875 (भाग 3) इमारतींच्या आराखड्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग अहमदाबादसाठी सेकंदाला 39 मीटर, तर वडोदऱ्यासाठी 44 मीटर धरते. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ उना-दीव भागात किनाऱ्यावर आले, आणि त्यानंतर आमच्या सोसायटीत हा प्रश्न गांभीर्याने चर्चेला आला. गच्ची व टाक्या सामाईकच असतात. वाद असतो तो खिडक्या, गॅलरीवरील पत्रे आणि एसीच्या बाहेरच्या युनिटांविषयी.

ज्याने त्याने आपले पाहावे, या पद्धतीत काम लवकर होते, कारागीर आपल्या पसंतीचा मिळतो आणि वरच्या मजल्यांना वाऱ्यापासून वाचवण्याच्या खर्चाचा भार तळमजल्यावाल्यांवर पडत नाही. शिवाय 1 एप्रिल 2021 पासून मिळणारी भारत गृह रक्षा ही घरविम्याची पॉलिसी घेतली, तर वादळाने झालेल्या नुकसानीलाही संरक्षण मिळते.

माझे मत बदलले ते बंद फ्लॅटमुळे. आमच्या वरच्या एका फ्लॅटचे मालक परदेशी असतात आणि किल्ली परगावच्या नातेवाइकांकडे. त्यांच्या गॅलरीवरील पत्र्याचा एक बोल्ट सुटला, तेव्हा वारा वाढला की तो पत्रा रात्रभर आपटत राही, आणि त्याच्या बरोबर खाली मुलांची खेळायची जागा. मालमत्ता खाजगी, म्हणून समिती हात लावेना. मालकांना फोनवर धोका पटेना. मी माझ्या खिडक्यांच्या फटी कितीही नीट भरल्या असत्या, तरी त्या पत्र्यापुढे त्यांचा उपयोग शून्य होता. परदेशी स्थायिक झालेल्यांची बंद घरे आपल्या शहरात थोडीथोडकी नाहीत.

सोसायटीने जबाबदारी घेतली की निर्णय रेंगाळतात, हे मान्य करायला हवे; सर्वसाधारण सभेत मेन्टेनन्स वाढवण्याचा विषय निघाला की चर्चा कुठल्या कुठे जाते. तरीही मे महिन्यात बाहेरून एकच तपासणी होते आणि कोणताही फ्लॅट त्यातून सुटत नाही. इमारत नवी असल्यास आणखी एक सोय आहे: रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांत दाखवून दिलेले बांधकामाचे दोष बिल्डरला विनामूल्य दुरुस्त करावे लागतात, आणि सोसायटीचे एकत्रित पत्र एकट्या सभासदाच्या अर्जापेक्षा अधिक गंभीरपणे घेतले जाते, असा निदान माझा अनुभव आहे.

सर्व कुटुंबे तेथेच राहत असलेल्या लहान इमारतीत पहिली पद्धत कदाचित पुरेशी ठरेल. मांजलपूर किंवा वाघोडिया रोडवरील मोठ्या संकुलात मात्र मी सोसायटीच्याच बाजूने मत देईन, आणि बंद फ्लॅटची एक किल्ली समितीकडे राहील, हे ठरावात स्पष्ट लिहून घेईन.